एकवीसचा आकडा: एका रॅली-मुलाखतीच्या संपादनाच्या नोंदी

९ मे

आज सगळं साहित्य एका जागी आलं. दोन हार्ड डिस्क, एक पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲपवरून आलेल्या एकोणीस क्लिपा आणि प्लॅस्टिकच्या डबीतली एक मिनीडीव्ही कॅसेट. कॅसेटवर बॉलपेननं एवढंच लिहिलंय: "रेस". मुलाखत माझ्या मावसभावानं नागपुरात हिंगणा रोडवर, मुलाखत देणाऱ्यांच्या गॅरेजमध्येच घेतली, दोन कॅमेऱ्यांवर, एक तास बेचाळीस मिनिटं. बाकी हेल्मेट कॅमेऱ्याच्या साठेक फाईली, ड्रोनची अकरा उड्डाणं आणि सर्व्हिस पार्कमध्ये मित्रांनी मोबाईलवर काढलेलं बरंच काही.

ज्यांची मुलाखत आहे त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच लिहीन. बारा वर्षं मोटरसायकलवर क्रॉस-कंट्री रॅली केली. राजस्थानातल्या वाळूत पडले, कॉलर बोन आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर शर्यत नाही. आता नव्या पोरांच्या गाड्या बांधून देतात. ही सगळी हकीकत त्यांनी मुलाखतीत फार थोडक्यात उरकली आहे. "पडलो. मग झालं ते."

दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. आज काहीही कापलं नाही. मूळ फाईलींच्या दोन प्रती केल्या, एक इथे धरमपेठेत, एक मावशीच्या घरी. व्हॉट्सॲपच्या क्लिपा 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' सांगून परत मागवल्या, कारण व्हिडिओ म्हणून पाठवलं की त्या दाबल्या जातात. सतरा मूळ रूपात मिळाल्या.

१० मे

फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्या हिशेबाचा दिवस. मुलाखत २५ची. कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे तीही २५. हेल्मेट कॅमेरा ५९.९४, ड्रोन २९.९७, आणि मोबाईल आपल्या मर्जीचा, एकाच क्लिपमध्ये कधी २४ तर कधी ३०. टाइमलाइन २५ची ठेवली. रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा आधीच ठरवावा लागतो, क्लिपा टाइमलाइनवर पडल्या की बदलता येत नाही. म्हणून तासभर कागदावर हिशेब केला.

मोबाईलच्या क्लिपा हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढून स्थिर फ्रेम रेटच्या केल्या, नाहीतर बोलणं आणि ओठ यांची फारकत होते. ड्रोनच्या शॉटला आवाज नसतोच, तो ८३ टक्के वेगानं चालवला की एकही फ्रेम न गाळता २५मध्ये बसतो. वाळूही जरा जड वाटते, ते मला हवंच आहे. हेल्मेटचं दृश्य ४२ टक्क्यांवर लोण्यासारखं चालतं. पण जिथे इंजिनाचा खरा आवाज हवा तिथे वेग पूर्णच ठेवायचा. चित्राला थोडा झटका बसला तर बसू दे.

हेल्मेट कॅमेरा लांब रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यानं साठवतो, आणि फाईलीच्या नावात तुकड्याचा क्रमांक आधी, शॉटचा नंतर. नावानं लावल्या की सगळ्या शॉटचे पहिले तुकडे एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे जातात. हातानं लावल्या. जेवण राहिलं.

१२ मे

मॉनिटर बंद ठेवून पूर्ण मुलाखत ऐकली. चित्र समोर असलं की मी चेहऱ्याला भुलते. नुसता आवाज असला की कुठे माणूस बोलतोय आणि कुठे पाठ म्हणतोय ते लगेच कळतं. वहीत वाक्यं उतरवली. भाऊ जिथे थांबतात तिथे आडवी रेघ मारली, जितका वेळ थांबले तितकी लांब.

रोडबुकाबद्दल ते भरभरून बोलतात. टाकीच्या वर लावलेला कागदाचा रोल, वळणाची छोटी चित्रं, पुढे किती किलोमीटर, कोणत्या अंशावर जायचं, धोका जितका मोठा तितकी उद्गारचिन्हं, जास्तीत जास्त तीन. "त्या ठिकाणी दोन होती ताई. मी एकच वाचलं." इथे रेघ लांब आहे.

डकार या जगप्रसिद्ध खडतर रॅलीचं बोलतानाही आवाज उजळतो. २०१५ साली सी. एस. संतोष यांनी डकार पूर्ण केली, पहिले भारतीय. तेव्हा ही रॅली दक्षिण अमेरिकेत व्हायची. "छत्तिसावा नंबर आला होता, पण आम्ही गॅरेजमध्ये पेढे वाटले. माणूस पोहोचला ना!" मग २०२४, सौदी अरेबिया: हरिथ नोआ रॅली-२ गटात (सर्वोच्च गटाच्या खालच्या) पहिले, एकूण क्रमवारीत अकरावे. हे सांगताना भाऊ हसतात आणि लगेच म्हणतात, "मी तेव्हा काठी घेऊन चालून राहिलो होतो." हे वाक्य ठेवायचंच.

वडिलांचा विषय दोनदा निघाला, दोन्हीदा त्यांनीच बदलला. वडील हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, सहा वर्षांपूर्वी गेले.

१३ मे

कूलर. नागपुरात मे महिन्यात बंद गॅरेजमध्ये मुलाखत घ्यायची म्हणजे हे होणारच होतं. पहिली पंचवीस मिनिटं कूलर बंद, मग भाऊंना इतका घाम आला की चालू करावा लागला, पुढे सगळीभर घरघर. अडचण अशी की चांगलं बोलणं दोन्हीकडे विखुरलंय. बंद भागातलं वाक्य चालू भागाशेजारी ठेवलं की कुणीतरी खोलीचं दार उघडल्यासारखं वाटतं.

आवाज साफ करणारं फिल्टर लावून पाहिलं. घरघर गेली, पण भाऊंचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. त्यांचा आवाज खरखरीत आहे, तोच घासून गेला तर उरलं काय? मग उलटा मार्ग घेतला. घरघर निम्मी कमी केली, आणि बोलणं नसलेली कूलरची चाळीस सेकंदं सापडली होती ती बंद भागाखाली बारीक अंथरली. आता पूर्ण मुलाखत एकाच दुपारची वाटते. पहिल्याच शॉटमध्ये कूलर दाखवणार आहे, वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि खाली ठिबकणारं पाणी. डोळ्यांनी एकदा पाहिलं की कान कुरकुर करत नाहीत.

१६ मे

इतवारीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांकडे चालू स्थितीतला मिनीडीव्ही कॅमेरा निघाला. फायरवायरची केबल, जुना संगणक आणि तासाभराची कॅसेट तासाभरातच उतरवायची, घाई चालत नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि "हेड साफ करूनच लाव" असं तीनदा बजावलं. बरोबरच होतं त्यांचं. साफ करण्याआधी चित्रावर चौकटी पडत होत्या.

कॅसेटमध्ये कुठल्याशा मैदानावरची डर्ट रेस आहे, भाऊ विशीतले. त्रेचाळिसाव्या मिनिटाला सात सेकंदं त्यांचे वडील दिसतात. खाकी पॅन्ट, बनियन, मागच्या चाकाशी उकिडवे बसलेत. मागे न बघता उजवा हात मागे करतात, काहीतरी बोलतात, आणि तरुण भाऊ त्या हातात पाना ठेवतात. माईकवर निवेदकाचा कल्ला आहे, शब्द कळत नाहीत. पाना हातात पडल्यावर बोटं मिटतात आणि हात पुढे जातो, एवढंच. हे मी दहा-बारा वेळा पाहिलं.

तांत्रिक: चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, फील्डांची. फील्डचा क्रम आधी चुकीचा घेतला गेला, त्यामुळे हात पुढे-मागे थरथरत होता. डीव्हीत खालचं फील्ड आधी, तसं केल्यावर सरळ झाला. पन्नास फील्डांच्या पन्नास फ्रेमा करून घेतल्यामुळे निम्म्या वेगानं चालवलं तरी गती सलग राहते, म्हणजे सात सेकंदांची चौदा मिळतात. चौकट चार-तीनचीच राहील, बाजूला काळं. ताणून रुंद केलं तर वडील जाड दिसतात. कुणाचे वडील असे बदलू नयेत.

१९ मे

पहिला कट तयार, बारा मिनिटं दहा सेकंद. मावसभावाला दाखवला. तो म्हणाला, "मस्त आहे, पण हे भाऊ नाहीत." खरं बोलला. मी सुरुवातीलाच संगीत चढवलं, पडण्याच्या आधी वेग मंद केला, आणि "वाळूत पडलो" या वाक्याखाली विकतच्या संग्रहातली कुठल्यातरी परदेशी वाळवंटातली क्लिप टाकली. दुसऱ्याची वाळू, दुसऱ्याची गाडी. बघणाऱ्याला कदाचित कळलंही नसतं, पण भाऊंना कळलं असतं.

नियम ठरवला: त्यांच्या वाक्याखाली त्यांचंच चित्र. नसेल तर त्यांचा चेहरा, नाहीतर हात. ती क्लिप काढली, संगीत काढलं. आठ मिनिटं उरली आणि मध्ये मोठं भगदाड.

२२ मे

पडण्याची फाईल सापडली. तारखेनं शोधत होते म्हणून मिळत नव्हती, कॅमेऱ्याचं घड्याळ कधीतरी शून्यावर गेलेलं. आज प्रत्येक फाईल उघडून बघितली.

तीन मिनिटं दहा सेकंद गाडी पूर्ण वेगात. मग चढ, चढामागे अचानक उतार, आणि चित्र दोनदा उलटंपालटं होऊन थांबतं. त्यानंतर नुसतं आकाश. पांढरट निळं, एका कोपऱ्यात हेल्मेटच्या चोचीची काळी कड. इंजिन बंद पडलंय. वारा, श्वास, आणि भाऊंचं पुटपुटणं.

ते मोजतायत. सहा, सात. आठ, नऊ. दहा, अकरा. जोडीजोडीनं, मध्ये श्वास. मला वाटलं श्वास मोजतायत, आणि एक ते पाच धाप लागल्यामुळे ऐकू आले नाहीत. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग बावीस. आणि परत सहापासून.

साडेचार मिनिटांनी दुसरी गाडी येऊन थांबते. कुणीतरी वाकतं, आकाश झाकलं जातं, "भाई, हिलना मत. हेल्मेट रहने दो." मदतीला थांबलेल्या स्पर्धकाला त्याचा वेळ नंतर परत दिला जातो, असा नियम आहे. पण थांबताना त्यानं घड्याळाचा विचार केलेला दिसत नाही, धावत आलाय तो.

मी हेडफोन काढून गच्चीवर जाऊन बसले. रात्रीचे साडेअकरा आणि गच्चीची फरशी अजून गरम.

२३ मे

एकवीस कुठे गेलं?

पहिल्या फेरीत वीस म्हटल्यावर फाईलीचा तुकडा संपतो आणि दुसरा बावीसनं सुरू होतो. म्हणजे जोडावर काहीतरी हरवलं असणार. दोन्ही तुकड्यांच्या फ्रेमा मोजल्या, बरोबर. आवाजाची लाट मोठी करून बघितली, जोडावर श्वासाची लाट सलग जाते. तरी पटेना. मूळ कार्ड मावसभावाकडून मागवून परत कॉपी केलं. तेच.

मग दुसरी फेरी नीट ऐकली. ती जोडापासून लांब आहे. अठरा, एकोणीस. वीस, बावीस. तिसरीतही तसंच. फाईलीत काहीच हरवलेलं नाही. माणूसच एकवीस म्हणत नाहीये.

डोक्याला मार लागलेला, गुंगी असेल, असं वहीत लिहून दिवस संपवला.

२५ मे

नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला. गॅरेजमध्ये हातांचे काही शॉट हवे होते म्हणून मी स्वतः गेले. शटर १/५० ठेवा असं मावसभावाला आधीच सांगितलं, ट्यूबलाइटखाली १/६० ठेवलं की चित्रावर पट्टे फिरतात.

भाऊ चेन बसवत होते. भिंतीवर प्लायवूडचा बोर्ड, त्यावर पान्यांच्या आकृत्या पांढऱ्या रंगानं काढलेल्या, प्रत्येक आकृतीत खिळा आणि खाली आकडे, पान्याच्या दोन तोंडांची मापं. रंग जुना, काही ठिकाणी उडालेला, आकडे मात्र कुणीतरी फार निगुतीनं काढलेले. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि मी छोट्या मॉनिटरवर बघत होते. ६–७. ८–९. १०–११. १२–१३. १४–१५. १६–१७. १८–१९. २०–२२.

मी "कट" म्हणायचं विसरले. मावसभाऊ पुढे सरकत भिंतीच्या टोकाला जाऊन थांबला.

"बोर्ड कोणी केला भाऊ?"

"बाबांनी. वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा." हात थांबले नाहीत. "लहानपणी हे पाठ करून घेतलं होतं माह्याकडून. पाढ्यांच्या आधी."

पडले तेव्हा काय म्हणत होते हे त्यांना आठवतं का, हे मी तिथे विचारलं नाही.

२६ मे

विचारल्याशिवाय वापरणार नाही हे नक्की होतं. संध्याकाळी गॅरेज बंद झाल्यावर हेडफोन घेऊन गेले. आधी सांगितलं की पडल्यावरही कॅमेरा चालू होता. त्यांना माहीत नव्हतं. त्या रॅलीनंतर त्यांनी ते कार्ड उघडलंच नव्हतं. बघायचंय की नाही ते तुम्ही ठरवा, म्हटलं. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि हेडफोन लावले.

पहिली फेरी पूर्ण ऐकली. वीस-बावीसला डावा अंगठा तर्जनीवर दाबला गेला, नट हातानं फिरवतो तसा. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मला वाटे मी आईला हाक मारली असन."

बऱ्याच वेळानं म्हणाले, "ठेवा. पण मी पडतो ते दहा वेळा दाखवू नका." दहा काय, दोनदाही दाखवणार नव्हते. अजून एक अट त्यांनी घातली: आईला आधी दाखवायचं.

३० मे

चार दिवस एवढंच काम. सगळा कट मोडून परत बांधला.

मोठा प्रश्न बोर्डाचा होता. आकाशानंतर बोर्ड दाखवला की उलगडा होतो, पण कोड्याचं उत्तर दिल्यासारखं वाटतं. दोन दिवस तसंच ठेवलं होतं. मग बोर्ड उचलून दुसऱ्या मिनिटाला नेला. भाऊ सायलेन्सरबद्दल काहीतरी बोलतायत आणि बोलता बोलता २०–२२ परत खिळ्याला अडकवतात, बस. त्यावर जोर नाही, जवळचा शॉट नाही, पाच सेकंदं. ज्याला दिसायचं त्याला दिसेल. पुढे आकाशाखाली आकडे सुरू झाले की त्याचं त्याला आठवेल, आणि ते आठवणं मला माझ्या सांगण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पडणं खऱ्या वेगात, एकदाच, इंजिनाच्या पूर्ण आवाजासकट. त्याआधी मुलाखतीतलं "मी एकच वाचलं" आणि नंतरची अडीच सेकंदं नुसता चेहरा. पहिल्या कटमध्ये मी ती अडीच सेकंदं कापली होती, रिकामी वाटली म्हणून. त्या अडीच सेकंदांत भाऊ एकदा गिळतात आणि डावीकडे बघतात. डावीकडे काय आहे ते आता मला माहीत आहे, तिथे बोर्ड आहे. शेवटच्या अठरा फ्रेमांवर इंजिनाचा आवाज आधी आत आणलाय, चित्र अजून गॅरेजचंच.

आकाश अठ्ठेचाळीस सेकंद, एकही कट नाही, संगीत नाही, खाली अक्षरंही नाहीत. आकडे पट्टीवर लिहून दाखवावेत असं मावसभावाचं मत होतं. एक रात्र ठेवून पाहिले आणि काढले. अक्षरं आली की लोक आकाश बघत नाहीत, वाचतात.

बावीसनंतर लगेच कॅसेट. वडिलांचा हात मागे येतो. निवेदकाचा कल्ला बंद करून टाकला, तिथे आकाशाखालचा वाराच पुढे चालू ठेवलाय.

रंगाचं काम थोडं. वाळूचा पिवळा आणि गॅरेजचा पिवळा एक होऊ दिला नाही. मोबाईलच्या क्लिपा थोड्या फिक्या केल्या, आकाशाला हात लावला नाही.

१ जून

भाऊंच्या घरी गेलो, नंदनवनला. त्यांच्या आईनं, काकूंनी, आधी तर्री पोहे खायला लावले, मग चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्या. भाऊ बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

आकाशाच्या वेळी काकू काहीच बोलल्या नाहीत. मांडीवरच्या रुमालाची घडी करत राहिल्या. कॅसेट आली, हात मागे आला, ओठ हलले, आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "वीस-बावीस मागून राहिले."

मी थांबवलं, मागे घेतलं, परत लावलं. त्यांनी ओठांकडे बोट दाखवलं. "मागच्या चाकाला तोच लागे ना. दिवसातून दहादा ऐकला मी हा आवाज." मग भाऊंचं शाळेतलं सांगितलं. पहिलीत असताना वीसनंतर बावीस म्हणे म्हणून बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठी वाचून वडील हसत सुटले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन बाईंना पाना दाखवून आले.

हे कॅमेऱ्यावर सांगाल का म्हणून विचारलं. "कॅमेरा नको बापा. तू सांग कोणाला सांगायचं ते." म्हणून इथे लिहिलं. व्हिडिओत नाही.

कट बदलला नाही. काकूंनी एकच दुरुस्ती सुचवली, वडिलांच्या नावाच्या पट्टीत "कै." नको. काढलं.

३ जून

शेवटचं मिक्सिंग. एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास, शिखर उणे १ डीबीच्या आत. यूट्यूबसाठी हे पुरतं. त्रास एकाच ठिकाणी होता. इंजिनानंतरचं पुटपुटणं हेडफोनवर स्पष्ट, पण मोबाईलच्या स्पीकरवर वाऱ्यात बुडतं, आणि बहुतेक लोक मोबाईलवरच बघणार. लहान-मोठा आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर लावला तर श्वासही फुगतो. शेवटी एकेक आकडा हातानं उचलला, कुठे दीड डीबी, कुठे तीन. वाऱ्याचा खालचा गडगडाट १०० हर्ट्झखाली कापला. शंकरनगर चौकात संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून फोन कानाशी न लावता ऐकून पाहिलं. सोळा-सतरापर्यंत ठीक होतं, पुढच्या दोन जोड्या परत उचलल्या.

दहा मिनिटं चौपन्न सेकंद. फाईल आधी भाऊंना पाठवली, गॅरेजमध्येच बघा म्हटलं.

रात्री पावणेनऊला त्यांचा निरोप आला: "कूलर चालू ठेवून पाहिलं ताई. वीस-बावीस ऐकू येते."